मानक-गटाच्या मेलिंग लिस्ट आणि त्यांचा सार्वजनिक संग्रह नव्या सर्व्हरवर नेताना

मराठीत आपण रोज लिहितो तो ‘ॲ’ युनिकोड या, अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या मानकाच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे एप्रिल २००८ मध्ये, यू+०९७२ या स्थानी स्वतंत्र अक्षर म्हणून दाखल झाला. त्याआधी ‘अ’ला चंद्राची खूण जोडून काम भागवावे लागे आणि जुन्या मजकुरात ती जोडणी अजूनही भेटते. एखादे अक्षर का घेतले, एखादी मर्यादा तेवढीच का ठेवली, एखादी सूचना कोणत्या कारणाने मागे पडली, हे छापील मानकात सहसा सापडत नाही. ते प्रस्तावांत, बैठकींच्या नोंदींत आणि गटाच्या पत्रव्यवहारात राहिलेले असते. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये तर हे लेखी नियमातच आहे. सप्टेंबर १९९८ मधील आरएफसी २४१८ (आरएफसी म्हणजे आयईटीएफचे नियम आणि मानके प्रसिद्ध होतात ते क्रमांकित दस्तऐवज) यानुसार प्रत्यक्ष बैठकीत झालेली सहमती मेलिंग लिस्टवर (एका पत्त्यावर आलेले पत्र सर्व सदस्यांना पोचवणाऱ्या यादीवर) पुन्हा तपासून घ्यावी लागते, म्हणजे बैठकीला येऊ न शकलेल्या सहभागी व्यक्तीलाही आपले म्हणणे मांडता येते.

त्यामुळे मानके घडवणाऱ्या गटाची मेलिंग लिस्ट आणि तिचा सार्वजनिक संग्रह हे त्या गटाचे दप्तरच असते. सर्व्हर जुना झाला, सॉफ्टवेअरची देखभाल थांबली किंवा यजमान संस्था बदलली की हे दप्तर हलवण्याची वेळ येते, आणि हे काम बहुधा गटातल्या नव्या, उत्साही स्वयंसेवकाकडे सोपवले जाते. हा लेख त्याच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून मी मेलमन या मेलिंग लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या २.१ या आवृत्तीवरून मेलमन ३ वर जाण्याचे घेतले आहे, कारण आजही अनेक गटांपुढे प्रश्न तोच आहे. मेलमन २.१ पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेवर चालते आणि पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. २०१५ मध्ये आलेल्या मेलमन ३ मध्ये कामाची विभागणी आहे: टपालाची ने-आण करणारा गाभा वेगळा, याद्यांचा कारभार पाहणारे पोस्टोरियस वेगळे आणि संग्रह दाखवणारे हायपरकिटी वेगळे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. याद्या पुन्हा उभ्या करता येतात, सदस्य पुन्हा जोडता येतात, रंगरूप तर कधीही बदलता येते. मात्र जगभरातल्या दस्तऐवजांत, शुद्धिपत्रांत आणि प्रोग्रामांमधल्या टिपांत तुमच्या संग्रहातल्या एकेका पत्राचा जो पत्ता लिहून ठेवलेला आहे, तो तुमच्या हाताबाहेर गेलेला असतो. छापून झालेला आरएफसी कोणी तुमच्यासाठी पुन्हा छापणार नाही. म्हणून या कामातला प्रत्येक निर्णय घेताना एकच प्रश्न विचारायचा: जुना पत्ता टाकला की तेच पत्र उघडेल ना?

आधी मोजदाद

पहिला आठवडा कशालाही हात न लावता फक्त नोंदी करण्यात घालवा. गटाच्या नावावर किती याद्या आहेत, त्यांतल्या चालू किती आणि वर्षानुवर्षे शांत पडलेल्या किती, प्रत्येकीचा व्यवस्थापक कोण, संग्रह सार्वजनिक की खासगी, हे एका तक्त्यात लिहा. बंद पडलेली यादी टाकून द्यायची नाही. कामकाज संपलेल्या उपगटाचा संग्रह हाच अनेकदा सर्वांत जास्त उद्धृत झालेला असतो, कारण त्या उपगटाचे मानक पूर्ण होऊन वापरात आलेले असते.

व्यवस्थापकांच्या पत्त्यांवर आधीच एक छोटी चौकशी पाठवा. बारा-पंधरा वर्षांपूर्वी नेमलेली माणसे नोकरी बदलून गेलेली असतात आणि पत्र परत येते. स्थलांतराच्या दिवशी हे कळण्यापेक्षा आज कळलेले बरे, कारण नव्या जागी ज्या यादीला धनी नाही, तिच्यावर अडवून ठेवलेली पत्रे तशीच पडून राहतात.

यानंतर मूळ प्रती. मेलमन २ मध्ये प्रत्येक यादीची मांडणी ‘कॉन्फिग.पीसीके’ या फाइलमध्ये असते, सगळी पत्रे एका एमबॉक्स फाइलमध्ये असतात आणि लोक ब्राउझरमध्ये वाचतात ती पाइपरमेल या मेलमन २ मधल्या संग्रह-साधनाने तयार केलेली एचटीएमएल पाने वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. या तिन्हींच्या जशाच्या तशा दोन प्रती घ्या, त्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा (फाइलमध्ये जराही बदल झाला की बदलणारी खूण) काढून नोंदवहीत उतरवा. पुढे सगळी दुरुस्ती तिसऱ्या प्रतीवर करायची. मूळ प्रत उघडून त्यात ‘एवढे एकच’ दुरुस्त करण्याचा मोह होतो, तो आवरा. पेटंटच्या वादात एखादी कल्पना अमुक तारखेला जाहीरपणे मांडली गेली होती, हे दाखवायला अशा संग्रहातले पत्र उपयोगी पडू शकते आणि तिथे मूळ हेडर (पत्राच्या वरच्या पाठवणारा, तारीख, विषय अशा ओळी) हलवलेले नाहीत हे सांगता यायला हवे.

पत्त्यांचा प्रश्न

पाइपरमेलमध्ये पत्राचा पत्ता कसा बनतो हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. यादीचे नाव, मग वर्ष आणि महिना, मग सहा आकडी क्रमांक, असा तो असतो. हा क्रमांक पत्राच्या अंगचा नसतो, तर रांगेतल्या जागेचा असतो. एमबॉक्समध्ये जे पत्र ज्या क्रमाने आले, त्याप्रमाणे त्याला आकडा मिळाला. आता समजा, २००६ मधले एक जाहिरातीचे पत्र कोणी एमबॉक्समधून काढून टाकले आणि सगळा संग्रह नव्याने बांधला. त्या पत्रानंतरचा प्रत्येक आकडा एकाने मागे सरकतो. ०००४१२ टाकले की आता जुने ०००४१३ उघडते. दुवा तुटला असता तर निदान ‘पान सापडले नाही’ असा निरोप आला असता. इथे पान उघडते, तारीखही जवळपासची असते, विषयही कदाचित तोच असतो, आणि वाचणारा भलत्याच माणसाचे मत भलत्याच्या नावावर खपवतो. माझ्या मते या संपूर्ण कामातला सर्वांत मोठा धोका हाच आहे, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून माझा ठाम सल्ला असा, की जुनी एचटीएमएल पाने पुन्हा बांधूच नका. ती आहेत तशी, त्याच पत्त्यांवर, साध्या स्थिर फाइली म्हणून नव्या वेब सर्व्हरवर ठेवा. त्यांना ना डेटाबेस लागतो ना पायथन. पंचवीस वर्षांचा संग्रहही साध्या वेब सर्व्हरला जड जात नाही. त्याशिवाय तीच पत्रे हायपरकिटीमध्येही आयात करा, म्हणजे नवा शोध आणि जुन्या-नव्या चर्चांची एकत्र मांडणी मिळेल. दोन प्रती राहिल्याने थोडी जागा जास्त लागते, एवढेच.

नव्या संग्रहात मात्र पत्ता पत्राच्या अंगच्या ओळखीवरून बनतो आणि ही चांगली सुधारणा आहे. प्रत्येक पत्राच्या हेडरमध्ये मेसेज-आयडी असतो, जो पाठवणाऱ्याकडे तयार होतो आणि जगात एकमेव असावा अशी अपेक्षा असते. मेलमन ३ त्याचा शा-१ ठसा काढून तो बेस-३२ पद्धतीने बत्तीस अक्षरांत लिहिते आणि हायपरकिटीचा कायमचा पत्ता त्या बत्तीस अक्षरांवर उभा असतो. संग्रह दहा वेळा पुन्हा बांधला, तरी मेसेज-आयडी तोच असेपर्यंत पत्ता तोच येतो. लिनक्स कर्नलच्या सार्वजनिक संग्रहातही पत्त्यामध्ये मेसेज-आयडीच वापरतात.

याचे महत्त्व ग्मेनच्या उदाहरणावरून पटते. २००२ पासून चाललेल्या या संग्रहात हजारो तांत्रिक याद्यांची पत्रे होती आणि असंख्य प्रकल्पांनी तिथले क्रमांकवजा पत्ते आपल्या नोंदींत लिहून ठेवले होते. २०१६ च्या जुलैमध्ये त्याचे वेब पान बंद झाले, आणि ज्या नोंदींत फक्त तो क्रमांक होता, तिथे पत्र शोधणे जिकिरीचे झाले; जिथे सोबत मेसेज-आयडी लिहिला होता, तिथे तेच पत्र दुसऱ्या संग्रहात शोधणे सोपे होते. म्हणून जुना क्रमांक, मेसेज-आयडी आणि नवा पत्ता अशा तीन रकान्यांची एक फाइल प्रत्येक यादीसाठी तयार करून संग्रहासोबतच जाहीर ठेवा. पाइपरमेलच्या पानावरून आणि एमबॉक्सवरून ती एका छोट्या प्रोग्रामने बनते. डिसेंबर २००७ च्या आरएफसी ५०६४ मध्ये ठरलेला ‘आर्काइव्ह्ड-ॲट’ हा हेडरही नव्या यादीवर चालू आहे ना ते पाहा, म्हणजे पुढे प्रत्येक पत्र आपला कायमचा पत्ता स्वतःसोबत घेऊन फिरेल.

एमबॉक्सची साफसफाई

एमबॉक्स ही एक लांबलचक मजकूर फाइल असते, ज्यात पत्रे एकाखाली एक चिकटवलेली असतात. नवे पत्र कुठे सुरू झाले, हे ओळखण्याची खूण म्हणजे ‘फ्रॉम’ हा इंग्रजी शब्द आणि त्यापुढची मोकळी जागा यांनी सुरू होणारी ओळ. अडचण अशी, की इंग्रजी पत्रात एखादे साधे वाक्यही ‘फ्रॉम’ने सुरू होऊन नेमके ओळीच्या आरंभी येऊ शकते. नीट वागणारे सॉफ्टवेअर अशा ओळीआधी ‘मोठे’ हे गणिती चिन्ह लावते. जुन्या सॉफ्टवेअरने ते नेहमीच लावलेले असते असे नाही. मग आयात करताना पत्र तिथेच दुभंगते. पहिला तुकडा अर्धवट वाक्यावर थांबतो आणि दुसऱ्या तुकड्याला पाठवणारा नाही, विषय नाही, तारीख नाही. असा तुकडा १९७० च्या जानेवारीत किंवा आयातीच्या दिवशी जाऊन बसतो. नव्या संग्रहात १९७० सालचे पत्र दिसले, तर समजा की कुठले तरी पत्र मधोमध कापले गेले आहे.

मेलमन २ सोबत यासाठीच ‘क्लीनआर्च’ नावाचे छोटे साधन येते. ‘फ्रॉम’च्या ओळीत खरोखर तारीख आहे का आणि तिच्या खालची ओळ हेडरसारखी दिसते का, हे ते तपासते आणि नसेल तर चिन्ह लावून टाकते. आधी ते फक्त तपासणीच्या रीतीने, काही न बदलता चालवा आणि ते कोणत्या ओळींवर बोट ठेवते ते स्वतः वाचा. मानकांच्या चर्चेत लोक दुसऱ्यांची पूर्ण पत्रे हेडरसकट चिकटवतात, तेव्हा या साधनाचाही गोंधळ होऊ शकतो.

जुन्या पत्रांत मेसेज-आयडी नसणे, तारखेचे वर्ष दोनच आकड्यांत असणे, एकच पत्र दोनदा येणे, हे सगळे भेटेल. आयडी नसेल तर पत्राच्या मजकुरावरूनच तो तयार करा, म्हणजे आयात पुन्हा केली तरी तोच येईल. यादृच्छिक आकडा वापरला तर दर खेपेला पत्ता बदलेल. पुनरावृत्ती हायपरकिटी मेसेज-आयडीवरून ओळखून गाळते, त्यामुळे शेवटचा आकडा थोडा कमी भरतो. तो किती आणि कशामुळे कमी भरला, हे लिहून ठेवा.

आता अक्षरांविषयी, आणि इथे मी जरा थांबणार आहे. मेलमन २ मध्ये इंग्रजी यादीची पाने आस्की या फक्त इंग्रजी अक्षरांच्या संचात तयार होत, त्यामुळे एखाद्याने पत्रात देवनागरी लिहिली असेल तर पाइपरमेलच्या पानावर तिथे प्रश्नचिन्हांची रांग दिसते. ते पाहून मजकूर गेला असे समजू नका. एमबॉक्समध्ये मूळ बाइट शाबूत असतात. म्हणूनच आयात नेहमी एमबॉक्समधून करायची, वेब पाने ओरबाडून कधीही नाही. एमबॉक्समधून नीट आणले की वीस वर्षे प्रश्नचिन्हे म्हणून पडलेले शब्द नव्या संग्रहात वाचता येऊ लागतात.

याच्या उलट घडलेलेही मी पाहिले आहे. देवनागरीच्या मांडणीवर काम करणाऱ्या एका छोट्या गटाचा संग्रह आम्ही हलवत होतो. आयातीआधी मजकूर ‘स्वच्छ’ करणारी एक तयार स्क्रिप्ट कोणी तरी सुचवली होती. जाहिरातबाज लोक अदृश्य अक्षरे पेरतात म्हणून ती सगळी शून्य-रुंदीची अक्षरे काढून टाकत असे. चाचणी संग्रहात मी एक पत्र उघडले. लिहिणाऱ्याने त्यात ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, यांतला लिपीचा फरक समजावला होता. मराठीतला हा आडवा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे यू+२००डी हे शून्य-रुंदीचे जोडअक्षर-चिन्ह देऊन. त्या पत्रात दुसरी पद्धत वापरली होती. चिन्ह उडाले आणि पडद्यावर वाक्य उरले ते असे, की ‘दर्या’ आणि ‘दर्या’ यांत फरक आहे. पत्राचे सगळे म्हणणे त्या एका न दिसणाऱ्या अक्षरात होते. आम्ही ती स्क्रिप्ट त्याच क्षणी काढून टाकली आणि आयात पहिल्यापासून केली. तुमच्या गटाचा विषय लिपी नसला, तरी प्रोग्रामच्या ओळींमधल्या मोकळ्या जागा, रकान्यांत मांडलेले आकडे, साध्या अक्षरांनी काढलेल्या आकृत्या यांचे हेच होते. पत्राच्या मजकुरात कोणतीही ‘स्वच्छता’ करायची नाही.

सदस्य आणि त्यांची संमती

मेलमन ३ मध्ये ‘इम्पोर्ट२१’ हा आदेश जुन्या कॉन्फिग.पीसीकेवरून यादीची मांडणी आणि सदस्य आणतो. पासवर्ड येत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण मेलमन २ सदस्यांचे पासवर्ड साध्या वाचता येण्याजोग्या रूपात ठेवत असे. नव्या जागी प्रत्येकाने आपल्या त्याच पत्त्याने खाते उघडायचे, की त्याचे सदस्यत्व आपोआप त्या खात्याला जोडलेले दिसते. ही एक ओळ सूचनापत्रात ठळकपणे लिहा; नाही तर ‘माझा जुना पासवर्ड चालत नाही’ अशा पत्रांना उत्तरे देण्यात पहिला आठवडा जातो.

आयातीनंतर प्रत्येक यादीत तीन प्रकारचे सदस्य तपासा: रोज गठ्ठा मागवणारे, वितरण स्वतः थांबवलेले आणि पत्रे परत आल्यामुळे यंत्रणेने थांबवलेले. वितरण थांबवलेल्या माणसाला अचानक पत्रे सुरू होणे हा त्याच्या संमतीचा भंग आहे. युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि भारतातही २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. यजमान संस्था बदलत असेल, तर सदस्यांची यादी कोणाकडून कोणाकडे जाते हे त्यांना आधी कळवा.

खासगी याद्यांच्या बाबतीत दुप्पट काळजी घ्या. सुरक्षेतल्या त्रुटी कळवण्याची यादी, अध्यक्षांची आपसातली यादी, अशांचा संग्रह आयातीनंतर खरोखर बंद आहे का, हे कोणतेही खाते न उघडलेल्या ब्राउझरमधून प्रत्येक यादीसाठी हाताने तपासा. ही तपासणी नमुन्यावर भागत नाही.

टपालाची वाट

इथे बरेच नवे लोक अडखळतात. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी डीमार्कचे (पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही तर पत्राचे काय करायचे, हे डोमेनने सांगण्याच्या पद्धतीचे) ‘नाकारा’ हे धोरण जाहीर केले आणि जगभरच्या मेलिंग लिस्ट विस्कळीत झाल्या. कारण साधे आहे. सदस्याचे पत्र यादीच्या सर्व्हरवरून पुढे जाते, म्हणून एसपीएफ, म्हणजे डोमेनची पत्रे कोणते सर्व्हर पाठवू शकतात याची नोंद, जुळत नाही. आणि यादी विषयाआधी कंसात आपले नाव जोडते किंवा तळाला चार ओळी चिकटवते, म्हणून डीकेआयएमची, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनने पत्रावर केलेली डिजिटल, सही मोडते. दोन्ही मोडले की घेणारा सर्व्हर पत्र नाकारतो, आणि पत्रे परत आली म्हणून यादी निरपराध सदस्यांचे वितरण थांबवते.

यावर प्रचलित उपाय म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी यादीचा पत्ता लिहिणे. आयईटीएफने वेगळी वाट काढली: अशा सदस्याचा पत्ता आपल्याच एका उपडोमेनमध्ये गुंफून लिहिला, म्हणजे कोण बोलते आहे ते दिसते आणि त्याला उत्तरही पाठवता येते. छोट्या गटाला मी तिसरा मार्ग सुचवेन. विषयाआधीचे नाव आणि तळाच्या ओळी दोन्ही काढून टाका. पत्राला हातच लावला नाही तर सही बहुधा टिकते आणि मूळ नाव बदलण्याची गरज उरत नाही. यादी ओळखायला मार्च २००१ च्या आरएफसी २९१९ मधला ‘लिस्ट-आयडी’ हेडर पुरेसा आहे. सदस्यांना फक्त आपली चाळणी त्या हेडरवर लावायला सांगावे लागते. सवय मोडते म्हणून तक्रारी येतील, पण मानक-गटात कोणाचे म्हणणे कोणाच्या नावावर नोंदले गेले, हे जास्त महत्त्वाचे आहे.

नव्या सर्व्हरचा आयपी पत्ता इतरांना अनोळखी असतो. त्याचे उलट डीएनएस नाव (आयपी पत्त्यावरून शोधल्यावर मिळणारे नाव), एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क आधीच जागेवर ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांकडून या शेवटच्या तिन्ही गोष्टी मागतात. सर्वांत मोठी यादी पहिल्या दिवशी हलवू नका. लहान याद्यांनी सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत ओळख वाढू द्या.

रंगीत तालीम

सगळे काम एकदा चाचणीच्या सर्व्हरवर आरंभापासून शेवटपर्यंत करा आणि प्रत्येक आदेश एका फाइलमध्ये लिहून ठेवा. त्याआधी मात्र त्या सर्व्हरची बाहेर जाणारी टपालवाट पूर्ण बंद करा. आयातीबरोबर खरे सदस्य आलेले असतात, आणि एक चाचणी पत्र सगळ्यांच्या पेटीत जाऊन पडायला एवढीच चूक पुरते.

तालमीत तीन आकडे ताडून पाहायचे: एमबॉक्समधली पत्रे, पाइपरमेलची पाने आणि हायपरकिटीत आलेली पत्रे. ते तंतोतंत जुळणार नाहीत. मात्र प्रत्येक फरकाचे कारण तुम्हाला सांगता आले पाहिजे. त्यानंतर गटाच्या प्रसिद्ध मानकांतून आणि वेब सर्व्हरच्या नोंदींतून सर्वाधिक उघडले जाणारे शंभरेक जुने पत्ते काढा आणि एकेक उघडून पत्राचा मजकूर मूळ प्रतीशी ताडा. गटातल्या जुन्या जाणत्यांना या कामाला बसवा. वीस वर्षांपूर्वीच्या वादातले पत्र समोर आले की ते लगेच सांगतात, ‘याला दिलेले उत्तर दिसत नाही.’ अशी हरवलेली उत्तरे प्रोग्रामला सापडत नाहीत.

बदलाचा दिवस

गट जगभर पसरलेला असेल, तर शनिवार निवडा आणि सूचनेत वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा. पुण्यात बसून रात्री दहा वाजता काम सुरू करणार असाल, तर ती वेळ १६:३० यूटीसी होते. कोणत्याही मसुद्यावर अंतिम हरकतींची मुदत चालू असेल, तर तारीख पुढे ढकला, कारण त्या काळात अडकलेले एक पत्र म्हणजे न ऐकलेली हरकत असू शकते.

दोन दिवस आधी डीएनएसमधल्या (डोमेनचे नाव कोणत्या सर्व्हरकडे जाते हे सांगणाऱ्या) नोंदींची मुदत, म्हणजे इतर सर्व्हर त्या किती वेळ साठवून ठेवतात ती, पाच मिनिटांवर आणा. ठरल्या वेळी जुन्या सर्व्हरवर येणाऱ्या पत्रांना ‘सध्या घेता येत नाही, पुन्हा प्रयत्न करा’ हे चारने सुरू होणारे तात्पुरते उत्तर द्यायला लावा. पाचने सुरू होणारे उत्तर चुकूनही देऊ नका, कारण तो कायमचा नकार असतो आणि पत्र लगेच परत जाते. तात्पुरत्या उत्तरावर पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. आरएफसी ५३२१ नुसार तो सहसा निदान चार-पाच दिवस तरी धीर धरतो. म्हणून सहा-आठ तासांच्या बंदची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. घाईने रात्री दोन वाजता घेतलेला निर्णय मात्र महागात पडतो.

आता जुन्या सर्व्हरवरची आतली रांग पूर्ण रिकामी होऊ द्या, व्यवस्थापकांच्या मंजुरीसाठी अडलेली पत्रे निकाली काढा, मग एमबॉक्स आणि मांडणीची शेवटची प्रत आणा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी जुन्या पत्रांची आयात, मग चालू टपाल. हायपरकिटीचा आयात-आदेश संग्रहात आधीच पत्रे असतील, तर त्यांतल्या शेवटच्या तारखेनंतरचीच पत्रे घेतो. त्यामुळे आयातीआधी एक जरी नवे पत्र तिथे पोचले, तरी सगळा जुना इतिहास गुपचूप वगळला जातो आणि आदेश चूक न दाखवता संपतो. असे झालेच, तर आदेशाला फार जुनी आरंभतारीख स्वतः देऊन तो पुन्हा चालवा.

शोधाची अनुक्रमणी बांधायला मोठ्या संग्रहाला कित्येक तास लागतात. ती मागे चालू राहू द्या आणि टपाल सुरू करा. पहिले पत्र तुमचे स्वतःचे असू द्या. ते आले, हेडर बरोबर आहेत, संग्रहात दिसते, त्याचा कायमचा पत्ता उघडतो, उत्तर दिल्यावर ते त्याच चर्चेखाली लागते, एवढे पाहून मग डीएनएस बदला आणि एकेक यादी खुली करा.

त्यानंतरचे दिवस

पहिले दोन आठवडे रोज सकाळी दोन गोष्टी पाहा: परत आलेली पत्रे आणि वेब सर्व्हरच्या नोंदींतले ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’ ही उत्तरे. प्रत्येक ४०४ म्हणजे कोणी तरी जुना पत्ता घेऊन आले आणि रिकाम्या हाताने गेले. त्यातले काही पत्ते पहिल्यापासूनच चुकीचे असतील, काही मात्र तुमच्या तक्त्यातून सुटलेले असतील. एखाद्या यादीचे नाव मध्यंतरी बदलले होते आणि तिचे जुने नाव तुमच्या हाती आलेच नव्हते, असे हमखास निघते. त्यांना ३०१ (‘पान कायमचे दुसरीकडे गेले आहे’ असे उत्तर) देऊन योग्य जागी वळवा.

संग्रहातले आपले पत्र काढावे अशी विनंती कोणी केली, तर गटाच्या धोरणानुसार निर्णय घ्या, पण काढायचे ठरले तरी जागा रिकामी करू नका. त्या पत्त्यावर ‘हे पत्र विनंतीवरून काढले आहे’ अशी ओळ आणि तारीख ठेवा, म्हणजे उत्तरे देणाऱ्यांचे म्हणणे अधांतरी राहत नाही आणि पुढचे क्रमांकही हलत नाहीत.

जुना सर्व्हर किमान एक महिना बंद न करता, फक्त वाचता येईल अशा स्थितीत ठेवा. त्यानंतर सीलबंद मूळ प्रतींचे ठसे नोंदवहीशी पुन्हा ताडा आणि मगच तो बंद करा. सार्वजनिक याद्यांच्या एमबॉक्स फाइली कोणालाही उतरवून घेता येतील अशा ठेवा. याहू ग्रुप्समधली साठवलेली सामग्री काढून टाकण्याची घोषणा ऑक्टोबर २०१९ मध्ये झाली आणि सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी पूर्ण बंद झाली. त्या काळात ज्या गटांकडे स्वतःच्या प्रती होत्या, ते दुसरीकडे बिनघोर गेले.

शेवटी डोमेन. संग्रहाचे सगळे पत्ते ज्या नावावर उभे आहेत, त्याच्या नूतनीकरणाची तारीख आणि त्या खात्याचा प्रवेश गटातल्या किमान दोन वेगवेगळ्या संस्थांतल्या दोन माणसांकडे असल्याची खात्री करा आणि त्यांची नावे, बदलत जातील तशी, त्याच नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहीत राहा.